बुधवारचं स्वस्त विमान

विमानाचं तिकीट काढायचं काम आमच्या घरी कुणाला देऊ नये. कुणाला म्हणजे माझ्या नवऱ्याला. वैद्यनाथ जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झाले आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्याला खुराक नाही. आता विमानाची भाडी हा त्यांचा विषय. भाडं कधी चढतं, कधी उतरतं, का उतरतं, याचे त्यांनी नियम बसवलेत. भाड्यानं त्यातला एक नियम पाळला असेल तर शपथ.

मी भवानी. कुंभकोणम्‌ला पेरिय तेरूत, म्हणजे मोठ्या रस्त्यावर, माझं चष्म्याचं दुकान आहे. "आता स्पष्ट दिसतं, की मघाशी दिसत होतं?" हे दिवसभर विचारून माझा सगळा संयम तिथंच संपतो, घरी आणायला उरत नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी ओरडले तर नवल वाटायला नको. आणि आमचं घरातलं बोलणं इथं तुमच्या भाषेत करून सांगतेय. आहे तसं सांगितलं तर तुम्ही पदर तोंडाला लावून हसाल.

पुण्याच्या बायका हसल्या होत्याच की. माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण वाणीमावशी लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा. आमच्या मुली तंजावर, मद्रास, फार तर बेंगळूर, इथवरच दिल्या जातात. ही एकटी पुण्याला. तंजावरच्या मराठी राजांच्या काळात आमची माणसं इकडं आली तेव्हाची मराठी आम्ही अजून बोलतो, त्यात निम्मे शब्द तमिळ. मावशीनं तोंड उघडलं की जावा म्हणायच्या, "वहिनी बखर वाचतायत!" मावशी हट्टी. वर्षभरात तिनं पुण्याची भाषा अशी उचलली की कुणाची बोलायची टाप राहिली नाही. पुढं मुलगा झाला, त्याच्याशीही आपल्या बोलीतला एक शब्द बोलली नाही.

आता ती सगळं विसरत चाललीय. आणि विसरताना पुण्याची भाषा आधी गेली. राहिली ती लहानपणची. एक दिवस मला दुकानात तिच्या मुलाचा, शामसुंदरचा फोन आला.

"वहिनी, वेन्नीर म्हणजे काय हो?"

म्हटलं, गरम पाणी.

"आई दुपारपासून मागत होती," तो म्हणाला. "आम्ही तिला गोळी दिली, शाल दिली, देवाची तसबीर आणून दिली. शेवटी रडायला लागली ती."

मग त्यानं खरं काय ते सांगितलं. डॉक्टर म्हणतात, माणसं ओळखणं आता एकेक करून जाणार. सुनेला ती नर्स समजते. पण रोज सकाळी दाराकडं बघून विचारते, "अक्का आली?" अक्का म्हणजे थोरली बहीण, माझ्या सासूबाई, शामसुंदरची मावशी. "मावशीला घेऊन या वहिनी," शामसुंदर म्हणाला. "ओळखतेय तोवर या."

एवढंच काम होतं बघा. सासूबाईंना पुण्याला न्यायचं. त्यांचं नाव गोदा, घरात सगळे अम्मा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे असे की रेल्वेच्या डब्याची पायरी म्हणजे त्यांना स्वामीमलैचा डोंगर. म्हणून विमान. तिरुचीला कारनं जायचं, तिथून उडायचं. सोबत मी जाणार. वैद्यनाथ नकोत, ते विमानतळावर प्रत्येकाला शिकवायला लागतात.

त्याच संध्याकाळी मी तिकीट काढत होते. बोटं मोबाइलवर होती माझी! पण जेवताना बोलून गेले, आणि यांनी भाताचा घास पानात परत ठेवला.

"थांब. आज काढू नकोस. आज भाडं चढलंय."

"कशावरून?"

"शनिवार आहे. शनिवारी लोक घरी बसून तिकिटं बघतात. मंगळवारी उतरेल."

मंगळवारी उतरलं नाही. मग म्हणाले, आपण फार वेळा बघतोय, कंपनीला कळतं की यांना गरज आहे. मग लॅपटॉपवर काय ती लपून बघायची खिडकी उघडली. तीही कंपनीला कळली म्हणे. मग समोरच्या मणी सारांच्या घरी जाऊन त्यांच्या कंप्युटरवरून बघायला लागले, म्हणजे कंपनीला वाटेल कुणी दुसराच आहे. मणी सार, म्हणजे तुमच्याकडचे 'सर', वीज खात्यातून रिटायर. त्यांनाही काही काम नाही. झालं! दोघं रिकामे एका जागी आले. मधुमिता, म्हणजे त्यांची बायको, मला गेटाशी गाठून म्हणाली, "भवानी अक्का, तुमच्या तिकिटापायी माझी रोज पाच वेळा कॉफी जाते."

शोध काय काय लागले विचारू नका. तिरुचीहून चेन्नई, चेन्नईहून हैदराबाद, तिथं नऊ तास बसायचं, मग पुणे.

"अम्मा नऊ तास कुठं बसतील?" मी विचारलं.

"विमानतळावर खुर्च्या असतात."

"मग तुम्ही जाऊन बसा!"

एकदा तर धावत दुकानात आले, गिऱ्हाईक समोर बसलेलं, आणि हे लहान पोरासारखे हसतायत. अर्ध्या भाड्यात मिळतंय म्हणे! मी बघितलं. ते पुण्याहून तिरुचीला येणारं विमान होतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्याला लावलेली काच मी काढली आणि यांना म्हटलं, "ही घाला आणि परत वाचा."

दुसऱ्या वेळी खरंच स्वस्त होतं, पण सामान न्यायचं नाही, फक्त हातातली पिशवी. अम्मांनी बहिणीसाठी मुरुक्कूचा, म्हणजे आमच्या चकल्यांचा, डबा भरून ठेवला होता. सामानाचे पैसे मिळवले की भाडं होतं तिथंच. तरी हे म्हणतात, "मुरुक्कू खिशात न्यायला काय हरकत आहे?" मला सांगा, अशा माणसाबरोबर संसार करणारीला सरकारनं काहीतरी द्यायला नको?

आणि तिकडं शामसुंदरचे फोन चालूच. आज आईनं शेजारणीला ओळखलं नाही. आज स्वतःची खोली ओळखली नाही. मग एक दिवस बिचारा कसाबसा म्हणाला, "वहिनी, आज मला 'सार' म्हणाली. कुठून आलात सार, बसा, म्हणाली." "पण अक्का आली का, हे विचारलंच," तो म्हणाला.

अम्मांना मी हे सगळं सांगत होते. त्या ऐकत, मान हलवत आणि भाजी निवडत राहत. स्वतः फोनवर येत नसत. शामसुंदरनं व्हिडिओ लावू का म्हणून विचारलं की नेमकं त्यांचं दूध उतू जायचं. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला त्या पडद्याची सवय नसते, जाऊ दे.

शेवटी एकदा वैद्यनाथांचा नियम खरा ठरला. बुधवारचं विमान, भाडं खरोखर कमी, सामानासकट, मधे एकदाच बदलायचं. मी देवाला नमस्कार केला. अम्मांना हाक मारली. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या. रोज एक पान फाडायचं ते आमचं कॅलेंडर. त्यावर राहुकाळ, यमगंड, कुठल्या दिवशी कुठल्या दिशेला जाऊ नये, सगळं छापलेलं असतं.

"बुधवारी उत्तरेला शूल," अम्मा म्हणाल्या. "मंगळवारीपण. पुणे उत्तरेला."

"अम्मा, त्यावर उपायही छापलाय. दूध पिऊन निघायचं."

"ते इथं जवळ इन्नंबूरला जायचं असेल तर. विमानाला एवढंसं दूध पुरतं होय?"

आता इथं नवऱ्यानं बायकोची बाजू घ्यायची की नाही? फिजिक्सचा माणूस! पण आईसमोर यांचं फिजिक्स धोतराच्या घडीत जातं. तरी मदत म्हणून उठले, नकाशा उघडला, पट्टी लावली आणि अभिमानानं म्हणाले, "अम्मा, पुणे नुसतं उत्तरेला नाही. वायव्येला आहे. उत्तर आणि पश्चिम, दोन्ही."

अम्मांनी चष्मा सावरला. "मग शुक्रवार-रविवारही गेले. तेव्हा पश्चिमेला शूल."

मी कपाळावर हात मारून घेतला. आधी दोन दिवस बंद होते, आता या विद्वानानं चार केले! राहिले सोमवार, गुरुवार, शनिवार. सोमवार-शनिवारची भाडी सोन्याच्या भावाची. गुरुवार त्यातल्या त्यात बरा, तर अम्मा म्हणाल्या त्या गुरुवारी त्यांना चंद्राष्टम. म्हणजे चंद्र त्यांच्या राशीपासून आठवा, त्या दिवशी इकडं माणूस केससुद्धा कापत नाही. तोवर बुधवारचं भाडं चढलंच होतं.

त्या दिवशी मी दुकानात दोन माणसांना चुकीची फ्रेम दिली.

मग मला प्रस्थान आठवलं. माझी आई करायची. चांगल्या वेळेला जाता येत नसेल, तर चांगल्या वेळेला आपलं गाठोडं तेवढं घराबाहेर काढायचं. शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. पुढं आपण पाहिजे त्या दिवशी जावं, शूल नाही, राहू नाही, काही नाही. जाताना गाठोडं तिथूनच उचलायचं. फक्त ते घरी परत आणायचं नाही, गाव सुटेपर्यंत उघडायचंही नाही, नाहीतर प्रवास मोडला. मला स्वतःच्या डोक्याचं इतकं कौतुक वाटलं! म्हटलं, अम्मा आता काय बोलतात बघू.

अम्मा कॅलेंडरकडं एकदा बघून म्हणाल्या, "प्रस्थान ठेवते मग."

शनिवारी सकाळी चांगली वेळ बघून त्यांनी स्वतः गाठोडं बांधलं. आतल्या खोलीत, दार लोटून. मी म्हटलं, असेल बाई, देवाचं काही असेल. मी आणि त्या, दोघी रस्ता ओलांडून समोर गेलो. मणी सारांनी गाठोडं दोन हातांनी घेतलं आणि देवघराच्या बाजूला ठेवलं. मधुमितानं अम्मांना कुंकू लावलं, नमस्कार केला, "आरामात जाऊन या पाटी," म्हणाली. पाटी म्हणजे आजी. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी घरी येऊन चक्क भजी तळली.

सोमवारी दुपारी मी जेवायला घरी आले, तर वैद्यनाथ दारातच उभे. परवाच्या बुधवारचं विमान! कंपनीनं जादा विमान सोडलंय, आणि भाडं आजवर पाहिलेल्यात सर्वांत कमी. म्हणाले, "आणि अम्माला ज्येष्ठ नागरिकाची सूट वेगळी."

"काढा," मी म्हटलं. "आत्ता काढा. मी चप्पलसुद्धा काढत नाही, तुम्ही तिकीट काढा."

ते बसले. नाव टाकलं, वय टाकलं. सवलतीसाठी ओळखपत्राचा नंबर मागत होतं.

"अम्मा, तुमचं आधार कार्ड द्या," मी म्हटलं.

अम्मा झोपाळ्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "ते गाठोड्यात आहे."

"कुठल्या गाठोड्यात?"

"प्रस्थानाच्या."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "अम्मा! गाठोड्यात साडी ठेवतात, तांदूळ ठेवतात, सुपारी, हळकुंड! आधार कार्ड कोण ठेवतं?"

"आपली खूण ठेवायची असते त्यात," अम्मा शांतपणे म्हणाल्या. "पुरुष जानवं ठेवायचे, तलवार ठेवायचे. बायकांनी काय ठेवायचं? माझं नाव आणि माझा फोटो असलेली तेवढी एकच वस्तू आहे या घरात."

मी तरी सोडते की काय! "बरं, झेरॉक्स असेल ना?"

"तीपण त्यातच."

"ती कशाला?"

"एकटं कार्ड बरं दिसेना."

देवा रे देवा. मी तशीच चपला घालून समोर धावले. मणी सारांच्या दाराला कुलूप! शेजारीण म्हणाली, आज कृत्तिका नक्षत्र, दोघं स्वामीमलैला मुरुगनच्या दर्शनाला गेलेत, संध्याकाळी येतील. फोन लावला, तर देवळातल्या गर्दीत कोण उचलतो. परत आले. वैद्यनाथ म्हणाले, "आले तरी काय? गाठोडं उघडलं तर प्रस्थान मोडलं. मग परत बुधवारी शूल."

"तुम्ही बोलू नका! सूट सोडा आणि पूर्ण भाड्यानं काढा."

"सूट आहे तर का सोडायची? आज आणि उद्या—"

"अहो, ती बाई तिकडं एकेक माणूस विसरतेय आणि तुम्ही सूट धरून बसलात!"

ते खाली मान घालून बघायला लागले आणि पडद्याकडं बघून एवढंच म्हणाले, "चढलं." पाच मिनिटांत चढलं! आता मला राहवेना. आतापर्यंत नवऱ्यावर ओरडत होते, ते सासूकडं वळले. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

"अम्मा, खरं सांगा. शूल म्हटलं, उपाय सांगितला. चंद्राष्टम म्हटलं, तेही मान्य केलं. प्रस्थान ठेवलं तर त्यात कार्ड घातलंत, वर झेरॉक्सही घातलीत. तुम्हाला जायचंच नाही!"

झोपाळा थांबला.

"नाही जायचं," अम्मा म्हणाल्या.

वैद्यनाथांनी लॅपटॉपवरून मान वर केली.

"रोज विचारते ना ती, अक्का आली का?" अम्मा माझ्याकडं न बघता बोलत होत्या. "पोटच्या पोराला 'सार' म्हणाली, पण मला विचारते. मी गेले नाही, तोवर मी तिच्या आठवणीत आहे ग. जाऊन समोर उभी राहिले आणि माझ्याकडं बघून 'कोण हो तुम्ही' म्हणाली तर? मग मी कुठं जाऊ, भवानी?"

माझा राग जागच्या जागी राहिला, पण त्याचं काय करायचं ते कळेना. मी चपला काढल्या. त्यांच्या शेजारी झोपाळ्यावर बसले. म्हणून व्हिडिओ नको, म्हणून नेमकं दूध उतू जायचं. इतके दिवस मी या बाईला कॅलेंडरवाली समजत होते, आणि ती नुसती घाबरलेली होती. मला स्वतःचा राग आला, पण खरं सांगते, त्यांचाही आलाच. हे आधी नाही का सांगायचं?

तेवढ्यात माझा फोन वाजला. शामसुंदर. व्हिडिओ. मी न उचलता ठेवणार होते, पण तो असा अवेळी कधी करत नाही. उचलला.

"वहिनी, मावशी आहेत का? आईनं सकाळपासून काही खाल्लं नाही. अक्का आल्यावर तिच्याबरोबर जेवीन म्हणते. मावशी दोन शब्द बोलल्या तर बरं होईल हो, नाहीतर—"

मी अम्मांकडं बघितलं. त्या उठायला लागल्या होत्या, स्वयंपाकघराकडं. मग मधेच थांबल्या. चुलीवर दूध नव्हतंच. परत बसल्या आणि हात पुढं केला. मी फोन दिला.

पडद्यावर वाणीमावशी आली. केस बारीक कापलेले, अंगात पुण्याच्या घरचा गाऊन. तिनं मान वाकडी करून अम्मांना नीट निरखलं. पुढचं त्या दोघींचं बोलणं मात्र जसंच्या तसं सांगते.

"कोण हो तुम्ही?" वाणीमावशी म्हणाली.

मागून शामसुंदर घाईनं म्हणाला, "अगं आई, हीच तर—" पण अम्मांनी हात वर केला आणि त्याला गप्प केलं.

"मी कुंभकोणम्‌ची," अम्मा म्हणाल्या.

मावशीचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "कुंभकोणम्‌ची? मग आमची अक्का तुम्हांस ठाऊक असेल! गोदा तिचें नांव. लांब वेणी आहे तीस. बाणादुरैंत घर."

"ठाऊक आहे."

"तीस सांगा कीं, वाणी वाट पाहात्ये म्हणोन. हीं माणसें बरीं आहेत, पण ह्यांस माझें बोलणें कळत नाहीं."

"सांगतें."

"येईल ना ती?" मावशीनं आवाज खाली केला. "लहानपणापासोन भारी भित्री आमची अक्का. कोणी संगें असल्यावांचोन यायची नाहीं."

अम्मांनी पदरानं तोंड पुसलं, डोळे नाही, तोंड. मग अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "येत्ये. प्रस्थान ठेविलें तिनें."

"ठेविलें?"

"शनवारीं. समोरचे घरीं."

"मग निघालीच कीं!" वाणीमावशी मागं टेकली. शामसुंदरच्या घरात कुणाला यातलं अक्षर कळलं नसणार, पण तिला कळलं. "प्रस्थान ठेविलें म्हणजे निघालीच. सरी. मग मी जेवोन घेतें."

'सरी', म्हणजे बरं, म्हणून ती खरंच उठली. पडद्यावर रिकामी खुर्ची दिसत राहिली, कुणीतरी फोन बंद केला.

बाहेर केळीवाला ओरडत गेला.

"बघितलंस? नाही ओळखलं," अम्मा म्हणाल्या.

"हो अम्मा."

"पण येच म्हणाली."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो थोडा वेळ धरू दिला, मग सोडवून घेतला आणि मुलाकडं वळल्या.

"वैद्यनाथा, ते बुधवारचं आहे का अजून?"

"आहे अम्मा, पण आता..." भाडं किती झालं ते यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. मग म्हणतात कसे, "बुधवारी शूल—" आता यांना शूल आठवला! मी डोळे वटारले.

"प्रस्थान ठेवलंय ना?" अम्मा म्हणाल्या. "मग कसला शूल? मी शनिवारीच निघालेय. काढ."

त्यांनी काढलं. सूट नाही, सवलत नाही, लपून बघायची खिडकी नाही. पूर्ण भाडं, दोन माणसांचं. आधार कार्ड समोर गाठोड्यात आहे, जाताना उचलू, विमानतळावर उघडू. शेवटी यंत्रानं विचारलं, जागा कुठली हवी. यांनी आयुष्यात कधी जागेचे पैसे भरले नाहीत, कंपनी देईल तिथं बसतात. सवयीनं पुढं जायला बोट उचललं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, थांबले.

"अम्मा, पहिल्यांदाच बसतेयस. खिडकीची घेऊ? वरून ढग दिसतात."

"ढग काय करायचेत," अम्मा म्हणाल्या. "अगदी पुढची दे. लवकर उतरता यायला हवं."

पहिल्या ओळीच्या जागांना सगळ्यांत जास्त पैसे पडतात. वैद्यनाथांनी त्याच घेतल्या.